अंतर-काल आणि चाल-काल आलेख: सूत्र पाठ असूनही उत्तर का चुकतं?

लक्षणं ओळखीची आहेत. ‘चाल = अंतर ÷ काल’ झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. कोष्टक दिलं तर आलेख काढताही येतो. पण छापलेला आलेख समोर ठेवून ‘गाडी कधी थांबली होती?’, ‘दहाव्या सेकंदाला चाल किती?’, ‘एकूण किती अंतर कापलं?’ असं विचारलं की गाडं अडतं. चूक समजावून सांगितली की पटते, आणि पुढच्या चाचणीत तीच चूक पुन्हा होते.

पुन्हा होते, कारण दुरुस्ती उत्तराची होते, वाचण्याच्या सवयीची होत नाही. एकाच आलेखातून तीन वेगळ्या गोष्टी वाचता येतात: रेषेची उंची, रेषेचा चढ आणि रेषेखालचं क्षेत्रफळ. प्रश्नाला त्यातली एकच हवी असते. डोळा मात्र आधी उंचीवर जातो, कारण ती आयती दिसते. चढ आणि क्षेत्रफळ काढावं लागतं. खाली जे घोळ दिले आहेत त्यातले बहुतेक या एका गफलतीची पिल्लं आहेत.

आधी अक्ष, मग रेषा

आलेख समोर आला की रेषा हाताने झाका. उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा: अंतर (मीटर) की चाल (मीटर प्रति सेकंद)? मग आडवा अक्ष: सेकंद, मिनिटं की तास? मग दोन्ही अक्षांचं प्रमाण. एवढं झाल्यावरच हात काढा. हे पोरकट वाटेल, पण चाल-काल आलेखाला अंतर-काल समजून अख्खा प्रश्न सोडवलेल्या उत्तरपत्रिका कमी नसतात, आणि त्या सोडवणाऱ्यांना गणित येत नसतं असंही नाही.

उंची, चढ की क्षेत्रफळ, हे ठरवायला पाठांतर लागत नाही. एककं बघितली की पुरतं. उंचीला उभ्या अक्षाचंच एकक असतं. चढ म्हणजे उभा फरक भागिले आडवा फरक, म्हणून त्याचं एकक उभं ÷ आडवं. क्षेत्रफळाचं एकक उभं × आडवं.

अंतर-काल आलेखात हे तिन्ही लावून बघा. उंची मीटरमध्ये, म्हणजे अंतर. चढ मी/से मध्ये, म्हणजे चाल. क्षेत्रफळ मीटर गुणिले सेकंद, आणि शालेय गणितात अशी कुठली राशी विचारलीच जात नाही. म्हणून अंतर-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायला हात गेला, तर तिथेच थांबायचं.

चाल-काल आलेखात सगळं एक पायरी सरकतं. उंची मी/से, म्हणजे चाल. चढ (मी/से) ÷ से = मी/से², म्हणजे त्वरण (दर सेकंदाला चाल किती बदलते ते). क्षेत्रफळ (मी/से) × से = मी, म्हणजे कापलेलं अंतर. प्रश्नात ‘किती मीटर’ असेल आणि समोर चाल-काल आलेख असेल, तर क्षेत्रफळाशिवाय गत्यंतर नाही.

आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे

रेषा वर जाऊन खाली आली की ‘गाडी घाट चढली आणि उतरली’ असं उत्तर येतं. ही चूक लहान वर्गांत जास्त दिसते, पण दहावीपर्यंत टिकून राहते. फक्त जरा सभ्य वेषात. आडवी रेषा दिसली की ‘सपाट रस्ता’ न म्हणता ‘सरळ चालला होता’ असं लिहिलं जातं, एवढाच फरक.

मूळ गैरसमज आडव्या अक्षाबद्दलचा आहे. आलेखात उजवीकडे सरकणं म्हणजे पुढे जाणं नव्हे, ते नुसतं वेळ जाणं आहे. एका जागी उभ्या असलेल्या वस्तूचा आलेखही उजवीकडे जातच राहतो. खरोखरचा चढ चढणाऱ्या सायकलस्वाराचा चाल-काल आलेख काढला, तर चढावर चाल कमी होते आणि उतारावर वाढते, म्हणजे रेषा आधी खाली आणि मग वर जाईल. डोंगराच्या जागी दरी.

यावर हमखास लागू पडणारा उपाय कागदाचा आहे. जाड कागदाच्या मधोमध सुमारे दोन मिलिमीटर रुंदीची उभी चीर पाडा. चीर आलेखाच्या उंचीपेक्षा लांब हवी. कागद आलेखावर ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश, एकसारखा सरकवा. आता रेषा दिसत नाही, फक्त एक ठिपका वर-खाली होताना दिसतो. अंतर-काल आलेख असेल तर तो ठिपका म्हणजे प्रत्यक्ष वस्तू: वर गेला की लांब गेली, थांबला की थांबली, खाली आला की परतली. चाल-काल आलेख असेल तर तोच ठिपका म्हणजे गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा. काटा ४० वर स्थिर आहे याचा अर्थ गाडी उभी आहे असा कोणी घेत नाही; आडव्या रेषेचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. कागद मात्र एकाच गतीने सरकवायचा, नाहीतर कागदाचा वेग ठिपक्याच्या वेगात मिसळतो.

दोन्ही आलेखांतले आकार एकदा शेजारी ठेवून बघावेत. अंतर-काल आलेखातली आडवी रेषा म्हणजे विराम. चाल-काल आलेखातली आडवी रेषा म्हणजे एकसमान चाल, आणि ती आडव्या अक्षावरच टेकलेली असेल तरच विराम. वर जाणारी सरळ रेषा एकीकडे एकसमान चाल सांगते, दुसरीकडे एकसमान त्वरण. खाली येणारी सरळ रेषा एकीकडे परतीचा प्रवास, दुसरीकडे नुसतं मंद होणं. तिथे वस्तू अजून पुढेच चाललेली असते. ‘चाल-काल आलेख खाली आला म्हणजे गाडी परत आली’ ही चूक एवढी पक्की आहे की ती वेगळी विचारून तपासावी.

अंतर-काल आलेख: तुकड्याची चाल चुकते तेव्हा

हा प्रवास कागदावर काढा. सायकलस्वार घरून निघतो. पहिल्या १० मिनिटांत घरापासून २ किमी. १० ते १५ मिनिटं त्याच जागी. १५ ते ३५ मिनिटांत २ किमीवरून ८ किमीपर्यंत. ३५ ते ६५ मिनिटांत परत घरी. सगळे तुकडे सरळ रेषेचे.

प्रश्न: १५ ते ३५ मिनिटांदरम्यान चाल किती?

चुकीचं उत्तर बहुधा १३.७ किमी/तास असतं. ते कुठून आलं हे लगेच सांगता येतं: ३५ व्या मिनिटाची उंची ८ किमी, भागिले ३५ मिनिटं. म्हणजे चढाऐवजी उंची वाचली. ८ ÷ ३५ ला अर्थ आहे, पण तो ‘निघाल्यापासून ३५ मिनिटांतली सरासरी चाल’ असा. त्यात थांबलेली पाच मिनिटंही आली. तुकड्याची चाल काढायला तुकड्याच्या दोन्ही टोकांतला फरक हवा: (८ − २) ÷ (३५ − १५) = ६ किमी ÷ २० मिनिटं = ०.३ किमी प्रति मिनिट = १८ किमी/तास.

पहिल्या तुकड्यात ही चूक लपून राहते, कारण रेषा आरंभबिंदूतून निघते आणि उंची ÷ काल केलं तरी १२ किमी/तास हे बरोबर उत्तर येतं. म्हणूनच सवय लागते. सरावासाठी पहिला प्रश्न नेहमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या तुकड्यावर घ्यावा. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं आरंभबिंदूपासून निघणाऱ्या रेषेने सुरू होतात. समजावायला ते सोपं पडतं, पण चुकीची पद्धतही तिथेच चालून जाते.

खात्रीची रीत अशी: तुकड्याची दोन टोकं निवडा, त्यांच्या जोड्या कागदावर लिहा, (१५, २) आणि (३५, ८), आणि मगच वजाबाकी करा. जोड्या न लिहिता डोळ्यांनीच वजाबाकी केली की एक अंतर एका टोकाचं आणि एक काळ दुसऱ्या टोकाचा उचलला जातो.

परतीच्या तुकड्यात चढ ऋण येतो: (० − ८) ÷ (६५ − ३५), म्हणजे तासाला −१६ किमी. ऋण चिन्ह दिशा सांगतं. चाल विचारली असेल तर उत्तर १६ किमी/तास.

पूर्ण प्रवासाची सरासरी चाल विचारली की घोळाचे आणखी प्रकार दिसतात, आणि गंमत म्हणजे चुकीची उत्तरं बरोबर उत्तराच्या इतकी जवळ असतात की नजरेतून सुटतात. बरोबर उत्तर: एकूण १६ किमी, ६५ मिनिटं, म्हणून १६ × ६० ÷ ६५ ≈ १४.८ किमी/तास. उत्तर १५.३ आलं असेल तर १२, १८ आणि १६ यांची बेरीज करून तीनने भागलंय. १५.२ आलं असेल तर ६५ मिनिटं म्हणजे १.०५ तास धरलेत; १ तास ५ मिनिटं म्हणजे १.०८३ तास. उत्तर शून्य आलं असेल तर शेवटची उंची बघितली, म्हणजे विस्थापन (निघाल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर) घेतलं, कापलेलं अंतर नाही. आणि ७.४ आलं तर परतीचे ८ किमी मोजायचे राहिले.

इथे एक तिरकस मुद्दा. उभ्या अक्षावर ‘घरापासूनचं अंतर’ असेल तरच रेषा खाली येऊ शकते. ‘एकूण कापलेलं अंतर’ असेल तर ती कधीच खाली येणार नाही. परतीच्या वाटेवरही वरच जाईल, १६ किमीपर्यंत. पुष्कळ आलेखांवर नुसतं ‘अंतर’ लिहिलेलं असतं. रेषा कुठे खाली आली असेल तर ते ठरलेल्या जागेपासूनचं अंतर आहे असं समजावं. उभी रेषा दिसली तर मात्र आलेखच चुकलाय: शून्य वेळात अंतर कापलं जात नाही. मागे वळून डावीकडे येणारी रेषाही तशीच, एकाच क्षणी वस्तू दोन ठिकाणी असल्याचं ती सांगते.

प्रमाण आणि कोनमापक

आलेख कागदावर १ सेंटिमीटरची मोठी चौकट आणि तिच्यात १ मिलिमीटरच्या बारीक चौकटी. आडव्या अक्षावर १ सेमी = २ सेकंद असेल तर एक बारीक चौकट ०.२ सेकंद. उभ्या अक्षावर १ सेमी = ४ मी/से असेल तर एक बारीक चौकट ०.४ मी/से. ८ मी/से च्या वर तीन बारीक चौकटी म्हणजे ९.२, ८.३ नव्हे आणि ११ तर नव्हेच. वाचायला बसण्याआधी ‘एक बारीक चौकट = किती’ हे दोन्ही अक्षांच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवावं. अर्धा मिनिट जातो आणि अर्ध्या चुका वाचतात.

चढ म्हणजे tan हे नुकतं शिकलेली मुलं कोनमापक काढतात. रेषेचा आडव्या अक्षाशी होणारा कोन मोजला, त्याचं tan घेतलं, झालं उत्तर. हे चालत नाही. समजा चाल ८ सेकंदांत ० वरून १२ मी/से झाली. वरच्या प्रमाणाने ही रेषा ४ सेमी आडवी आणि ३ सेमी उभी जाते. कोन सुमारे ३७°, tan ०.७५. उभ्या अक्षाचं प्रमाण १ सेमी = २ मी/से केलं तर तीच रेषा ६ सेमी उभी जाते; कोन सुमारे ५६°, tan १.५. गती तीच, कोन दोन. खरं त्वरण १२ ÷ ८ = १.५ मी/से². दुसऱ्या वेळी आकडा जुळला तो दोन्ही अक्षांचं प्रमाण योगायोगाने सारखं होतं म्हणून. कोनमापक पेटीतच राहू द्या.

याच कारणाने दोन वेगवेगळ्या आलेखांतल्या रेषा नुसत्या बघून ‘ही जास्त तिरपी म्हणून ही गाडी जोरात’ असं म्हणता येत नाही. एकाच अक्षांवर काढलेल्या रेषांची तेवढी तुलना करावी.

चाल-काल आलेख: क्षेत्रफळाचा हिशेब

गाडी स्थिर अवस्थेतून निघते. ८ सेकंदांत चाल १२ मी/से. २० व्या सेकंदापर्यंत तीच चाल. मग ४ सेकंदांत थांबते. आलेख समलंब चौकोनासारखा दिसतो.

एकूण अंतर किती? तीन तुकडे पाडा.

० ते ८ सेकंद, त्रिकोण: ½ × ८ × १२ = ४८ मी
८ ते २० सेकंद, आयत: १२ × १२ = १४४ मी
२० ते २४ सेकंद, त्रिकोण: ½ × ४ × १२ = २४ मी
एकूण २१६ मी

समलंब चौकोनाच्या सूत्राने पडताळा: ½ × (२४ + १२) × १२ = २१६. जुळलं.

चुकीची उत्तरं इथेही स्वतःचा पत्ता सांगतात. २८८ आलं तर त्रिकोणातलं ½ विसरलं, किंवा सरळ १२ × २४ केलं. दोन्हींचा अर्थ एकच, गाडी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत १२ नेच धावली असं धरलं. १४४ आलं तर एक तर फक्त आयत मोजला, नाहीतर ‘सरासरी चाल १२ चं निम्मं, ६’ असं म्हणून ६ × २४ केलं. निम्म्याचा हा नियम चाल एकसारखी वाढते किंवा घटते त्या तुकड्यापुरता खरा आहे. मध्ये आडवा तुकडा आला की पूर्ण प्रवासाला लागू होत नाही. खरी सरासरी २१६ ÷ २४ = ९ मी/से. आणि २७ आलं तर कागदावरच्या मोठ्या चौकटी मोजल्या, पण एका चौकटीचं मोल लावलं नाही: एक मोठी चौकट = २ से × ४ मी/से = ८ मी, आणि २७ × ८ = २१६.

क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे पटत नसेल तर चौथ्या सेकंदापाशी ०.१ सेकंद रुंदीची पट्टी घ्या. तेवढ्या वेळात चाल जवळजवळ ६ मी/से च असते, म्हणून अंतर ६ × ०.१ = ०.६ मी, आणि पट्टीचं क्षेत्रफळही नेमकं तेच. अशा पट्ट्या शेजारी-शेजारी लावत गेलं की रेषेखालची सगळी जागा भरते. ही कल्पना बरीच जुनी आहे: १४ व्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने वेग उभ्या रेषांनी दाखवून आकृतीच्या क्षेत्रफळातून अंतर काढलं होतं, कलनशास्त्र जन्माला येण्याच्या सुमारे ३०० वर्षं आधी.

रेषा वाकडी असेल तर चौकटी मोजाव्या लागतात. पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेली एक धरा, अर्ध्याहून कमी असलेली सोडा, शेवटी एका चौकटीचं मोल गुणा.

दोन सापळे इथे नेहमी टपलेले असतात. पहिला एककांचा: चाल किमी/तास मध्ये आणि काळ मिनिटांत. ७२ किमी/तास या चालीने ५ मिनिटं, म्हणून ३६० किमी असं उत्तर निमूटपणे लिहिलं जातं. पाच मिनिटांत ३६० किमी! गुणाकाराआधी दोन्हीकडचा काळ एकाच एककात आणा: ७२ × ५ ÷ ६० = ६ किमी. किंवा ७२ ला ५/१८ ने गुणून २० मी/से, आणि २० × ३०० = ६००० मी. दुसरा सापळा शून्यापासून सुरू न होणाऱ्या उभ्या अक्षाचा. आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करून अक्ष थेट २० पासून सुरू केलेला असतो. चाल २५ मी/से, १० सेकंद; कागदावर दिसणारी पट्टी फक्त ५ उंचीची, म्हणून उत्तर ५० मी येतं. कापलेली खालची २० ची पट्टी मिळवली की खरं उत्तर २५० मी. चढ काढताना अशा तुटलेल्या अक्षाने काही बिघडत नाही, क्षेत्रफळ काढताना सगळं बिघडतं.

एका आलेखावरून दुसरा काढताना

वरच्याच गाडीचा अंतर-काल आलेख काढा म्हटलं, तर हमखास तोच समलंब चौकोन पुन्हा काढला जातो, नुसतं उभ्या अक्षाचं नाव बदलून. आकार उचलायचा नाही, क्षेत्रफळाची बेरीज करत जायचं:

४ से: ½ × ४ × ६ = १२ मी
८ से: ४८ मी
२० से: ४८ + १४४ = १९२ मी
२२ से: १९२ + ½ × (१२ + ६) × २ = २१० मी
२४ से: २१६ मी

हे बिंदू जोडताना पट्टी फक्त ८ ते २० सेकंद या मधल्या तुकड्यात वापरायची. पहिला तुकडा वर वळत जाणारा वक्र आहे: पहिल्या चार सेकंदांत १२ मी, पुढच्या चारांत ३६. शेवटचा तुकडा सपाट होत जातो. आणि ८ व्या सेकंदापाशी कोपरा पडता कामा नये. डावीकडून येणाऱ्या वक्राचा चढ तिथे १२ आहे, उजवीकडच्या सरळ रेषेचाही १२, म्हणून जोड गुळगुळीत हवा. कोपरा म्हणजे चाल एका क्षणात बदलली, आणि मूळ चाल-काल आलेखात तशी उडी कुठेच नाही. हा जोड नीट काढला असेल तर विषय समजला असं मानायला हरकत नाही.

वक्रावर एका क्षणाची चाल

अंतर-काल आलेख वक्र असेल तर चढ दर क्षणी बदलतो. समजा आलेख अंतर = काल² असा आहे (मीटर, सेकंद) आणि तिसऱ्या सेकंदाची चाल हवी आहे. ९ ÷ ३ = ३ मी/से हे उत्तर पुन्हा उंचीचं; ती पहिल्या तीन सेकंदांची सरासरी झाली. खरं उत्तर तिच्या दुप्पट आहे.

(३, ९) या बिंदूवर पट्टी अशी ठेवा की बिंदूच्या दोन्ही बाजूंना वक्र आणि पट्टी यांच्यात सारखीच फट दिसेल. ही स्पर्शिका लांब काढा, कागदाच्या कडेपर्यंत. आता दोन बिंदू निवडा, आणि ते स्पर्शिकेवरचे हवेत, वक्रावरचे नाहीत. इथेच बहुतेकांचा हात घसरतो. ही स्पर्शिका (१.५, ०) आणि (५, २१) यांतून जाते, म्हणून चढ २१ ÷ ३.५ = ६ मी/से.

त्रिकोण मोठा का घ्यायचा? बारीक चौकट ०.५ मी ची आहे आणि वाचताना एक चौकट चुकली असं समजा. एका सेकंदाच्या छोट्या त्रिकोणात ६ ऐवजी ६.५ येईल, म्हणजे ८ टक्क्यांची चूक. मोठ्या त्रिकोणात २१.५ ÷ ३.५ = ६.१४, चूक २ टक्क्यांच्या आसपास.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा

अंतर-काल आलेखात छेदनबिंदू म्हणजे भेट: एकाच वेळी एकाच जागी. रेल्वेचे नियंत्रक गाड्यांचं नियोजन अशाच आलेखावर करतात. एकेरी मार्गावर दोन रेषांचा छेद स्थानकातच पडेल असं बघावं लागतं.

चाल-काल आलेखात छेदनबिंदू म्हणजे फक्त त्या क्षणी चाल सारखी. भेट नव्हे. उलट तिथे दोघं सगळ्यात लांब असू शकतात. अ ही गाडी १० मी/से या एकसमान चालीने जाते. त्याच क्षणी, त्याच जागेवरून ब ही गाडी स्थिर अवस्थेतून २ मी/से² त्वरणाने निघते. रेषा ५ व्या सेकंदाला छेदतात. तोवर अ ने ५० मी कापले, ब ने ½ × ५ × १० = २५ मी; अंतर २५ मी, आणि सबंध पाठलागात अ च्या मागे ब यापेक्षा लांब कधीच पडत नाही. त्याआधी अ जोरात होती म्हणून फरक वाढत होता, त्यानंतर ब जोरात म्हणून घटू लागतो. भेट होते दोन्ही क्षेत्रफळं सारखी झाल्यावर: १० व्या सेकंदाला, १०० मीटरवर. आलेखावर हे न सोडवताही दिसतं. छेदाच्या डावीकडे दोन रेषांमधला त्रिकोण २५ मी चा, आणि उजवीकडे तेवढाच त्रिकोण १० व्या सेकंदाला पुरा होतो.

रेषा अक्षाखाली गेली तर

चाल ऋण नसते, म्हणून चाल-काल आलेख अक्षाखाली जात नाही. गेला असेल तर तो वेग-काल आलेख आहे (वेग म्हणजे दिशेसह चाल), आणि अक्षाखालचा भाग उलट्या दिशेची गती दाखवतो.

चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला; गुरुत्वाकर्षणाचं त्वरण g = १० मी/से² धरू. वेग-काल आलेख (०, २०) पासून (४, −२०) पर्यंत एकच सरळ रेषा, दुसऱ्या सेकंदाला अक्ष ओलांडणारी. त्या क्षणी वेग शून्य. ‘मग त्वरणही शून्य’ हे उत्तर लगेच येतं, आणि ते पुन्हा उंचीच वाचून आलेलं असतं. त्वरण चढात आहे, आणि चढ सगळ्या रेषेभर −१० च आहे, शून्याच्या क्षणीही. तिथे त्वरण खरंच शून्य झालं असतं तर चेंडू वर अधांतरीच राहिला असता.

अक्षाच्या वरचा त्रिकोण ½ × २ × २० = २० मी, खालचाही २० मी, पण ऋण. चिन्हांसह बेरीज केली तर विस्थापन शून्य, चेंडू हातात परत. चिन्हं सोडून केली तर कापलेलं अंतर ४० मी. याच चेंडूचा चाल-काल आलेख हवा असेल तर अक्षाखालचा भाग अक्षावर उलटवायचा. रेषा २० पासून शून्यावर येऊन परत २० वर जाते, आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ थेट ४० भरतं.